सावली खाली, उजवीकडे

आमच्या घरात 'टीव्ही बिघडलाय' असं म्हणायला बंदी आहे. एखादी शिवी चालते, जेवताना मचमच आवाज केलेला चालतो, पण हे वाक्य चालत नाही. त्याला कारण माझे वडील. एका संध्याकाळी बातम्या बघता बघता बाबा म्हणाले, "टीव्ही बिघडलाय रे, कडेला काळं येतंय." मी केबल बदलली. महिन्याभरानं ते पुन्हा तेच म्हणाले, तेव्हा मी सेट टॉप बॉक्स बदलला. मग टीव्हीच नवा आणला. तरी काळं जाईना, म्हणून दुकानदाराशी भांडलो आणि ते भांडण जिंकून तिसरा टीव्ही घरी आणला. या सगळ्यात आठ महिने गेले. शेवटी कुणीतरी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. टीव्ही तिन्ही चांगले होते.

त्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक म्हणजे, हा आजार बापाकडून मुलाकडे येऊ शकतो, तेव्हा चाळिशीनंतर दरवर्षी तपासून घ्या. दुसरी म्हणजे, हा आजार लबाड आहे. जो भाग दिसेनासा होतो तो मेंदू आपल्या मनानं भरून काढतो, त्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. पहिली गोष्ट मी नीट ऐकून घेतली आणि अकरा वर्षांत एकदाही तपासायला गेलो नाही. मी भित्रा माणूस आहे, आणि भित्र्या माणसाला आजारापेक्षा डॉक्टरची भीती जास्त वाटते. हे कुणाला पटणार नाही, पण जे भित्रे आहेत त्यांना सांगावं लागणार नाही.

तर गेल्या महिन्यात एका मंगळवारी सातच्या बातम्या लागल्या होत्या. बातम्या देणाऱ्या बाईंच्या कोपराशी, म्हणजे पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात, मला एक सावली दिसली. साधारण तळहाताएवढी. त्या कोपऱ्यात तापमानाचे आकडे येतात, ते मळल्यासारखे दिसत होते. मी चष्मा शर्टाच्या टोकानं पुसला. मग चष्म्याच्या कापडानं पुसला. मग साबण लावून धुऊन आणला. सावली होती तिथेच होती.

बायको शेजारी बसून शर्टाला बटण लावत होती. मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "चित्र कसं वाटतंय गं?"

"कसलं चित्र?"

"टीव्हीचं."

"छान आहे की. अगदी स्वच्छ आहे. का?"

"काही नाही. सहज."

ती इतक्या घाईनं बोलली की तिच्या सुईतला दोरा निघाला. दुसरा एखादा माणूस असता तर त्याच्या तेवढ्यावरून काहीतरी लक्षात आलं असतं. पण माझ्या मनात त्या वेळी एकच हिशेब चालू होता. बायकोला दिसत नाही, मला दिसतं. म्हणजे टीव्हीत नाही, माझ्यात आहे.

शहाणा माणूस म्हणेल की भिंतीकडे बघायचं. मी बघितलं ना. भिंत स्वच्छ दिसली, आणि तिथेच माझं धाबं दणाणलं, कारण भिंत मेंदूनं भरून काढली असणार. मग मी डावा डोळा झाकून टीव्ही बघितला, सावली होती. उजवा झाकून बघितला, होती. याचा अर्थ टीव्हीच बिघडलाय असाही निघू शकला असता, पण माझ्या भीतीनं दुसराच अर्थ काढला. दोन्ही डोळे गेले.

त्या दिवसापासून मी टीव्ही बघणं बंद केलं. बातम्या लावायच्या आणि आपण बाल्कनीत कपडे वाळत घालायला जायचं. योगायोग असा की बायकोलाही त्याच सुमारास मालिकांचा कंटाळा आला. "मला आतून ऐकू येतं, तेवढं पुरे," असं म्हणून ती स्वयंपाकघरात बसू लागली. दोन आठवडे आमचा टीव्ही रिकाम्या खोलीत चालू होता आणि दोन बाजूंनी आम्ही दोघं तो ऐकत होतो.

मला आता एकच आशा होती, ती म्हणजे टीव्ही खरोखर बिघडलेला असावा. माणसं देवापाशी काय काय मागतात, मी टीव्हीतला बिघाड मागत होतो. मेकॅनिकला बोलवावं तर त्यानं मागचं झाकण उघडून 'टीव्ही ठणठणीत आहे साहेब' म्हटलं असतं तर? मग उरलं काय? म्हणून तपास आपणच करायचा, आणि गुपचूप करायचा, असं मी ठरवलं. सल्ल्यासाठी वरच्या मजल्यावर गेलो.

वरच्या मजल्यावर लिफ्टकाका राहतात. आयुष्यभर लिफ्टच्या देखभालीचं काम करून निवृत्त झाले. काकू गेल्या, मुलगी परगावी, त्यामुळे घरात काका आणि त्यांचा टीव्ही. जगातली कुठलीही वस्तू लिफ्टपेक्षा सोपी आहे अशी त्यांची पक्की समजूत आहे. मी म्हटलं, "काका, माझ्या एका मित्राच्या टीव्हीवर कोपऱ्यात सावली दिसतेय."

"बसा," काका म्हणाले. "लिहून घेणार असाल तर सांगतो."

मी वही नेली होती. काकांना ते आवडलं.

"पहिलं. पडदा पूर्ण काळा आणि आवाज चालू, असं असेल तर पडद्यावर टॉर्च तिरकी मारायची. आत पुसट चित्र हलताना दिसलं, तर चित्र शाबूत आहे, मागचे दिवे गेले. दुसरं. तुमच्या मित्रासारखी सावली असेल तर रिमोटवरचं मेनूचं बटण दाबायचं. मेनू केबलमधून येत नाही, टीव्ही स्वतः काढतो. मेनू स्वच्छ दिसला तर दोष केबलीत. सावली मेनूवरही पडली तर दोष टीव्हीत. लिफ्टचं तेच असतं. आतलं बटण चालत नसेल तर आधी बाहेरचं दाबून बघायचं."

"काका, तुम्हाला बरीच माहिती आहे."

"असायलाच पाहिजे. माझाही टीव्ही बिघडलाय. सहा महिने हाच खेळ चाललाय. दोनदा केबल बदलली, बॉक्स बदलला. कंपनीचा माणूस येऊन म्हणतो, काका, काही दोष नाही. त्याला काय कळतंय."

मी वहीत लिहिलं, 'केबल, बॉक्स, मग कंपनी.' आणि आभार मानून खाली आलो.

मेनूची परीक्षा त्याच संध्याकाळी घेतली. सावली मेनूच्या शेवटच्या ओळीवर ऐसपैस पसरली होती. म्हणजे दोष टीव्हीत. किंवा डोळ्यात, कारण डोळाही केबलमधून येत नाही. इतक्या तपासानंतर जगात एकच वस्तू निर्दोष सुटली होती, ती म्हणजे केबल.

मग कंपनीला फोन केला. यंत्रातल्या बाईंनी पर्याय दिले. पडदा काळा असल्यास एक, पडदा निळा असल्यास दोन, रेघ उभी असल्यास तीन, आडवी असल्यास चार. सावलीला आकडा नव्हता. मी 'इतर' दाबलं आणि वीस मिनिटं वाजंत्री ऐकली. शेवटी बाई म्हणाल्या, "हाच दोष घरातल्या दुसऱ्या व्यक्तीलाही दिसत असल्यास एक दाबा. फक्त तुम्हाला दिसत असल्यास दोन दाबा." एवढा नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. मी काहीच दाबलं नाही, आणि थोड्या वेळानं बाईंनी माझी तक्रार निकाली निघाल्याचं सांगून फोन ठेवला.

मला साक्षीदार हवा होता. बायकोला पुन्हा विचारायचं म्हणजे तिला संशय येणार. म्हणून एका सकाळी ती कामावर गेल्यावर मी लिफ्टकाकांना खाली बोलावलं आणि तो मित्र मीच हे कबूल केलं. काका आले ते भिंतीवरच्या कपाटाच्या उघड्या दारावर कपाळाची डावी बाजू आपटूनच. "दार असं उघडं ठेवू नये," ते म्हणाले. मग पडद्यासमोर उभे राहिले.

"दिसतेय का सावली?" मी विचारलं.

"न दिसायला काय झालं. चांगली ढळढळीत आहे."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. "कुठे?"

"ही काय. वर डावीकडे."

वर डावीकडे काहीही नव्हतं. काकांना प्रत्येक वस्तूत दोष दिसतो हे अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. मी सावली म्हटलं, त्यांनी एक शोधून दिली. असल्या साक्षीदारावर विसंबून राहण्यात अर्थ नव्हता. मी चहा केला आणि विषय बदलला.

आता थोडं माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं. मी एका छापखान्यात मुद्रितशोधक आहे. औषधांच्या खोक्यात घडी घातलेला एक बारीक कागद असतो ना, जो कुणी वाचत नाही, तो मी वाचतो. चोवीस वर्षं वाचतोय. माझं सगळं पोट डोळ्यांवर आहे, हे वेगळं सांगायला नको. त्या आठवड्यात मॅनेजरनं मला आत बोलावून एक कागद पुढे ठेवला. 'दिवसातून वेळा घ्यावे.' मधला 'तीन' गेला होता आणि मी खाली सही केली होती. छपाई सुरू व्हायच्या आधी यंत्रावरच्या माणसाच्या लक्षात आलं म्हणून बरं.

"चोवीस वर्षांत पहिल्यांदा," मॅनेजर म्हणाला. "डोळे तपासून घ्या हो एकदा."

मी कागदाकडे बघत राहिलो. ती ओळ कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात होती.

खरं तर त्या दिवशी मी कागद वाचताना डोळ्यांचाच विचार करत होतो, म्हणून चूक झाली. पण हे आज सुचतंय. त्याच दुपारी मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. खिडकीतल्या बाईंनी अर्ज दिला. नाव, वय, पत्ता भरला. 'घराण्यात कुणाला डोळ्यांचा आजार?' या रकान्याशी पेन थांबलं. शेवटी लिहिलं, 'वडील'. बाईंनी ते वाचलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. खिडकीतल्या माणसाचा आवाज मऊ झाला की समजावं, काही खरं नाही.

"तुमच्या नजरेचा घेर तपासावा लागेल," त्या म्हणाल्या. "पण त्याचं मशीन सध्या बंद आहे."

"काय झालंय?"

"पडद्यावर डाग दिसतोय. डाग पडद्याचा की पेशंटचा तेच कळत नाहीये. दुरुस्तीवाला गुरुवारी येणार आहे. तुम्हाला शुक्रवारी सव्वाचारची वेळ देते."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. बाहेर येऊन बसस्टॉपवर बसलो आणि बाबांची फार आठवण आली. ते फारशी तक्रार करत नसत. तिसरा टीव्ही आणला तेव्हा माझं मन राखायला म्हणाले होते, "आता बरंच बरं दिसतंय."

शुक्रवारपर्यंत मला धीर निघेना. बुधवारी छापखान्यात काम करता करता एक गोष्ट डोक्यात आली. खरं म्हणजे ती पहिल्या दिवशीच यायला हवी होती. कागदावर ठिपका दिसला की तो छपाईचा आहे की आपल्या भिंगावरचा, हे बघायला आम्ही कागद उलटा फिरवतो. ठिपका कागदाबरोबर फिरला तर छपाईचा. जागच्या जागी राहिला तर भिंगाचा. चोवीस वर्षं मी दिवसातून दहा वेळा हे करतोय. टीव्ही उलटा करायचा. सावली वर डावीकडे गेली तर टीव्हीची. खाली उजवीकडेच राहिली तर माझी.

गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकली. बायको तिच्या शाळेच्या कार्यालयात, म्हणजे संध्याकाळपर्यंत घर मोकळं. त्रेचाळीस इंचांचा टीव्ही भिंतीवरून एकट्यानं उतरवता येत नाही, म्हणून लिफ्टकाकांना पुन्हा बोलावलं. टीव्ही उलटा केला की आतली धूळ खाली पडते असं त्यांना सांगितलं. ते त्यांना लगेच पटलं.

"भार मी घेतो," काका म्हणाले. "तुम्ही फक्त दिशा द्या."

भार त्यांनी घेतला, दिशाही त्यांनीच दिली. मागचे दोन स्क्रू सोफ्याखाली गेले. केबल आखूड होती, ती बॉक्ससकट ओढली गेली, आणि बॉक्सबरोबर लग्नातला आमचा फोटो. चादरीच्या झोळीत टीव्ही घालून आम्ही तो सोफ्यावर डोक्यावर उभा केला, मागे चार उशा लावल्या. मधे काकांचा डावा खांदा दाराच्या चौकटीला लागला आणि त्यांनी चौकटीच्या सुताराला नावं ठेवली. मग त्यांनी बटण दाबलं. बातम्यांच्या बाईंचा आवाज आला.

मी डोळे मिटून घेतले.

ते उघडेनात. मी घरात, दिवसाढवळ्या, उलट्या टीव्हीसमोर डोळे घट्ट मिटून उभा होतो. पुढच्या क्षणी मला कळणार होतं की पुढची वीस वर्षं मी वाचणार आहे की कुणाचा तरी हात धरून जिना उतरणार आहे. काका म्हणत होते, "धूळ काही पडली नाही बुवा." तेवढ्यात दाराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. मी डोळे उघडले ते टीव्हीकडे नाही, दाराकडे.

दारात शाळेतून लवकर आलेली बायको उभी होती, खांद्याला पर्स. तिनं मला बघितलं नाही, काकांना बघितलं नाही, पडलेला फोटोही बघितला नाही. ती टीव्हीकडे बघत होती.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "सावली वर गेली."

मला ते वाक्य कळायला वेळ लागला. मग मी वळलो. बाई छताला लटकल्यासारख्या बातम्या देत होत्या, तापमानाचे आकडे वर डावीकडे उलटे पडले होते आणि सावली त्यांच्यावरच होती.

"तुला दिसत होती?" मी म्हटलं.

"तुम्हाला दिसत होती?"

"मग छान आहे, स्वच्छ आहे, असं का म्हणालीस?"

"तुम्ही असं विचारलंत की मला वाटलं मलाच दिसतेय. बाबांना दोन वर्षं मी थेंब घातलेत. कसं म्हणणार मी तुम्हाला, टीव्ही बिघडलाय म्हणून?" ती दाराशीच चपलांच्या स्टुलावर बसली. मग तिनं पर्समधून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. तोच दवाखाना, शुक्रवार, साडेचार. नजरेचा घेर. मी खिशातून माझी चिठ्ठी काढली. आम्ही दोघं हसलो आणि हसता हसता ती रडायला लागली. मलाही रडू आलं. काका चादरीची घडी घालत होते.

"पण वर गेली म्हणजे काय?" काका म्हणाले. "ती वरच होती. पहिल्यापासून."

"नाही काका, खाली होती. उजवीकडे. टीव्ही उलटा केल्यावर वर डावीकडे आली."

"अहो, मी त्या दिवशीच सांगितलं होतं तुम्हाला, वर डावीकडे. आत्ताही तिथेच आहे. माझ्याकडच्या टीव्हीवरही तिथेच आहे."

बायकोनं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला मी बघितला. कपाटाचं दार, चौकट. आणि 'माझाही टीव्ही बिघडलाय, सहा महिने.' आमच्या घरात बंदी असलेलं ते वाक्य काकांनी माझ्या तोंडावर म्हटलं होतं आणि मी शेजारी बसून वहीत केबल आणि बॉक्स लिहून घेत होतो.

"काका, आपण टीव्ही पुन्हा सुलटा करू या," मी म्हटलं. आम्ही तो सुलटा केला. सावली खाली उजवीकडे आली.

"आता कुठे दिसतेय?"

"वर डावीकडे," काका वैतागून म्हणाले. "किती वेळा सांगू?"

स्वतःसाठी दोन आठवडे घाबरलो होतो, पण ती भीती या भीतीच्या पासंगालाही पुरली नसती. बायको उठून त्यांच्याजवळ गेली.

"काका, उद्या यांना डोळे तपासायला जायचंय. एकटं जायची भीती वाटतेय त्यांना. तुम्ही याल का सोबत?"

"एवढा मोठा माणूस आणि भीती?" काका म्हणाले. "येतो की."

शुक्रवारी सव्वाचारला मशीनसमोर काका बसले. मी माझी वेळ त्यांना दिली आणि बाईंनी काही न विचारता नाव बदललं. साडेचारच्या वेळेत आम्हा दोघांची तपासणी झाली, डोळ्यांत काही निघालं नाही. काकांच्या डाव्या डोळ्याची वरची बाजू बरीच गेली होती, उजव्यात सुरुवात होती. गेलं ते परत येणार नाही, पण थेंब चुकवले नाहीत तर उरलेलं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरं झालं, वेळेत आणलंत." माझी मान खाली गेली.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले होते.

"म्हणजे माझा टीव्ही चांगला आहे," ते म्हणाले.

"हो काका."

"आणि तुमचा बिघडलाय."

"हो."

"दिव्यांची पट्टी गेली असेल. माणूस बोलवा. आणि मागचं झाकण उघडलं की मला हाक मारा." बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

माणूस आला, पट्टीच निघाली, पाऊण तासात सावली गेली. काका शेजारी उभे राहून त्याच्या चुका काढत होते. आता रोज सकाळ-संध्याकाळ मी वरच्या मजल्यावर जाऊन त्यांना थेंब घालतो. त्यांची मान मागे करतो, पापणी धरतो, वर बघा म्हणतो, आणि दर वेळी मला बाबा आठवतात. बाबांसाठी मी तीन टीव्ही पाहिले. एकही उलटा करून बघितला नाही.